हातात २,६०,००० येतात, तरी २० तारखेनंतर खडखडाट. पाणी कुठे मुरतंय?

बाणेरकर:
पुण्यात नवरा-बायको दोघं आयटीत, दोन मुलं. दोघांचे मिळून हातात २,६०,०००. घराचा हप्ता ८६,८०० (१ कोटी, साडेआठ टक्के, २० वर्षं), गाडीचा २४,१००, शाळा महिन्याला सरासरी ३०,०००, सोसायटी मेंटेनन्स ६,५००, स्वयंपाकाच्या आणि धुण्याभांड्याच्या मावशी ११,०००, एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा गुंतवणूक) २०,०००. उरतात ८१,६००. क्रेडिट कार्डाचं बिल मात्र ९५,००० च्या आसपास. स्वयंपाकाच्या मावशी बंद कराव्यात का?

हिशेबतपासनीस:
मावशींना हात लावू नका. त्यांचे सहा-सात हजार वाचतील आणि थकलेल्या संध्याकाळी ६०० ची एक अशा १५ ऑर्डरी गेल्या की ९,००० जातील.

तुमच्या यादीत वर्षातून एकदा येणारा एकही खर्च नाही, गोम तिथेच आहे. अंदाजे मांडून बघा: गाडीचा विमा ३५,०००, टर्म (मुदतीचा आयुर्विमा) आणि आरोग्य विमा ७५,०००, दिवाळी, आहेर आणि मावशींचा बोनस मिळून ७०,०००, मे महिन्यातली सहल २,००,०००. झाले ३,८०,०००, म्हणजे महिन्याला ३१,७००. हे पैसे बाजूला पडत नाहीत, म्हणून ते कार्डावर जातात आणि तिथून हप्त्यांत. ८१,६०० मधून हे काढले की खरे उरतात ४९,९००. किराणा, भाजी, पेट्रोल, लाईट बिल, हॉटेल सगळं त्यातच. तुम्ही मात्र ८१,६०० समजून जगताय.

आणि कंपनीच्या बोनसवर भिस्त ठेवू नका. आयकराच्या ३० टक्क्यांच्या स्लॅबात सेस (करावरचा कर) धरून ३ लाखांच्या बोनसचे हातात २,०६,४०० येतात, आणि ते बहुतेक घरांत यायच्या आधीच दोनदा खर्च झालेले असतात.

रोकडा:
वरच्याला +१. आता शोधायचं कसं ते. बँक आणि कार्ड दोन्हींची सहा महिन्यांची स्टेटमेंट एक्सेल शीटमध्ये घ्या. बँकेतून कार्डाचं बिल भरल्याची ओळ आधी काढून टाका, नाहीतर तोच खर्च दोनदा धरला जातो. मग 'किराणा', 'मौजमजा' असे गट करत बसू नका, दुकानाच्या नावाने सॉर्ट करा. दहा मिनिटांत सामान आणणाऱ्या ॲपच्या ओळी मोजा. महिन्याला ४५ ऑर्डरी आणि सरासरी ४२० निघाले तर ते १८,९०० होतात. मागवायची असते कोथिंबीर. डिलिव्हरी फुकट व्हावी म्हणून आईस्क्रीम आणि चिप्स टोपलीत पडतात. सणाच्या साडीवर घरात चर्चा होते, या ४२० वर कधीच होत नाही.

बाणेरकर:
कार्डावर ५०,००० मागची बाकी आहे. एसआयपी थांबवून भरू का?

रोकडा:
हो, थांबवा. ५०,००० वर महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे १,७५०, त्यावर १८ टक्के जीएसटी ३१५. एकूण २,०६५ दर महिन्याला पाण्यात. शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही, पहिल्या दिवसापासून मीटर चालू. तेव्हा ती फिटेपर्यंत कार्ड कपाटात. अडीच-तीन महिन्यांत मोकळे व्हाल, मग एसआयपी पुन्हा सुरू.

हिशेबतपासनीस:
सहमत, पण त्याआधी खाती वेगळी करा. पगार झाल्या दिवशी ३१,७०० वेगळ्या बचत खात्यात आपोआप जातील अशी सोय लावा. त्या खात्याला यूपीआय जोडू नका. घरखर्चासाठी तिसरं खातं, त्यात दर सोमवारी ११,५००. महिन्याचे एकदम टाकले तर पहिल्या दहा दिवसांत उडतात. कार्डावर जुने 'नो कॉस्ट' (बिनव्याजी म्हणून घेतलेले) हप्ते चालू असतील तर ते या ११,५०० मधूनच वजा करा. डिलिव्हरी ॲपमध्ये साठवलेली कार्डं काढून टाका, आणि कार्डाची लिमिट दीड लाखावर आणा, बँकेच्या ॲपमधूनच होतं. पहिले दोन आठवडे शनिवारीच पैसे संपतील. रविवारी वरचे पैसे टाकू नका.