सीआयएच्या मुद्रेतला तारा आठ टोकांचा की सोळा? आणि ध्वज छापताना काय पाहायचं?

शाईठसा: कॉलेजच्या प्रदर्शनासाठी अमेरिकी गुप्तचर संस्थांच्या मुद्रा इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने काढतोय. सीआयएच्या ज्या प्रती नेटवर मिळतात त्यांचा एकमेकींशी मेळ नाही. होकायंत्राचा तारा कुठे आठ टोकांचा, कुठे सोळा. गरुडाचं तोंडही दोन्हीकडे. शिवाय ३ बाय २ फुटांचा ध्वज छापायचाय, दोन्ही बाजूंनी दिसणारा. छापताना काय पाहावं?

होकायंत्र: चित्रं बाजूला ठेवा आणि मूळ आदेश वाचा. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या १७ फेब्रुवारी १९५० च्या आदेश क्र. १०१११ मध्ये मुद्रेचं शब्दांत वर्णन आहे. पांढरी ढाल, तिच्यावर सोळा टोकांचा लाल तारा. जगभरची माहिती एका मध्यबिंदूशी येते, हा त्यामागचा अर्थ. ढालीच्या वरच्या बाजूला पांढऱ्या-लाल पिळाची पट्टी, तिच्यावर नैसर्गिक रंगांतलं गरुडाचं डोकं. ते पाहणाऱ्याच्या डावीकडे बघतं. मानेची खालची कड फाटल्यासारखी दातेरी हवी. सरळ कापलेली काढली तर ती चूक. पिळाची पट्टी तर बऱ्याच प्रतींत गायबच असते. ढालीखाली सोनेरी फीत आणि तिच्यावर लाल अक्षरांत देशाचं नाव; वर पांढऱ्या अक्षरांत संस्थेचं. पार्श्वभूमी निळी, कड बारीक सोनेरी.

ताऱ्याबद्दल एक: एक टोक काढून फिरवत नेणार असाल तर कंट्रोल दाबून फिरवू नका. इंकस्केप मुळात १५ अंशांच्या टप्प्याने फिरवतं आणि इथे ३६० भागिले १६, म्हणजे २२.५ अंश लागतात. त्या टप्प्यांत २२.५ कधीच येत नाही. फिरण्याचा मध्य टोकाच्या बुडाशी आणा, ट्रान्सफॉर्मच्या चौकटीत कोन टाइप करा.

ध्वजवेडा: ध्वज म्हणजे गडद निळ्या कापडावर मधोमध हीच मुद्रा. एकाच पातळ कापडावर आरपार छपाई केलीत तर मागून अक्षरं उलटी दिसतात आणि गरुडाचं तोंडही फिरतं. दोन स्वतंत्र कापडं छापून मध्ये प्रकाश अडवणारा थर घालून शिवायला सांगा. खर्च वाढतो, पण दोन्हीकडून वाचायचं असेल तर हाच मार्ग. फाइल देण्याआधी अक्षरांचे पाथ (म्हणजे नुसत्या आकाररेषा) करा, नाहीतर छापखान्यात फाँट बदलतो. निळ्यात सोडलेली पांढरी अक्षरं शाई पसरून बुजतात, म्हणून त्यांच्या रेषा थोड्या जाड ठेवा. सोनेरी कडेला ग्रेडियंट (एका छटेतून दुसरीत मिसळत जाणारा रंग) देऊ नका, छपाईच्या ठिपक्यांत ती मळकट दिसते. एकच सपाट रंग द्या.

शाईठसा: आभार! एनएसएची, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेची मुद्रा शेजारी ठेवायची आहे. आणि कायद्याचं काही?

होकायंत्र: एनएसएचा गरुड पूर्ण आहे, नुसतं डोकं नाही. छातीवर ढाल, नख्यांत चंदेरी किल्ली. किल्लीच्या जागी बाण काढला की मुद्राच चुकली.

कायद्याचं म्हणाल, तर सीआयएचं नाव, आद्याक्षरं किंवा मुद्रा वापरून एखाद्या मालाला किंवा व्यवसायाला संस्थेची मान्यता आहे असं भासवणं अमेरिकी कायद्याने मना आहे. माहितीच्या फलकाचा तो प्रकार नव्हे, पण त्याच डिझाइनचे टी-शर्ट विकायला काढू नका. फलकावर आपलं सिंहांचं राजचिन्ह टाकणार असाल तर मात्र २००५ चा भारतीय कायदा आधी वाचा. कार्यक्रम सरकारी असल्याचा समज होईल अशा रीतीने ते वापरता येत नाही. दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मी तरी ते फलकाच्या मथळ्यावर मुळीच टाकणार नाही.