यूएसबी डीबगिंग: काम झालं की बंद करायचं, की राहू द्यायचं?

खाडीकाठचा (रत्नागिरी): आमच्याकडे फोन दुरुस्तीला दिला की कारागीर सेटिंग्जमधल्या बिल्ड नंबरवर ७ वेळा टिचकी मारतो, डेव्हलपर ऑप्शन्स हा लपलेला मेनू उघडून यूएसबी डीबगिंग (केबलने जोडलेल्या संगणकाला फोनवर हुकूम चालवू देणारं सेटिंग) चालू करतो आणि फोन तसाच परत देतो. गिऱ्हाईकाला पत्ताही नसतो. मंजुरी मिळालेला संगणक केबलवरून स्टोअरबाहेरचं अ‍ॅप चढवू शकतो, त्याला परवानग्या देऊ शकतो, स्क्रीन रेकॉर्ड करू शकतो. बंद करूनच फोन हातात द्यायला हवा.

मालवणचो: कित्याक लोकांका घाबरवतास? २०१३च्या अँड्रॉइड ४.२.२ पासून नवा संगणक जोडला की फोन त्याच्या चावीचा ठसा (संगणक ओळखायचा अंक-अक्षरांचा कोड) दाखवून परवानगी द्यायची का, असं विचारतो. लॉक असलेल्या फोनवर 'हो' कोण म्हणणार? माझ्या भावाचा फोन होडीवर खाऱ्या पाण्यात भिजला, स्क्रीन काळी. डीबगिंग चालू होतं म्हणून लॅपटॉपवर फोनचा पडदा उमटवून सगळे फोटो काढले.

खाडीकाठचा: लॅपटॉप आधीच मंजूर होता म्हणून जमलं. नवा असता तर तो प्रश्न त्याच काळ्या स्क्रीनवर आला असता! आणि तशीच मंजुरी दुकानातल्या संगणकालाही असते. 'नेहमी परवानगी द्या'वर खूण करून कारागीर मोकळा.

मालवणचो: अँड्रॉइड ११ पासून ७ दिवस न जोडलेल्या संगणकाची मंजुरी आपोआप जाते.

खाडीकाठचा: जुने फोन वापरणाऱ्यांनी काय करायचं? इथे निम्म्या लोकांकडे तेच आहेत. 'डीबगिंगच्या मंजुऱ्या रद्द करा' हे बटण तिथेच खाली असतं, ते दाबायला कितीसा वेळ लागतो?

गुहागरकर: केबलचं सोडा, नेटवर्कवरचं डीबगिंग बघा. २०१८मध्ये ५५५५ पोर्ट (या डीबगिंगचं नेटवर्कवरचं दार) उघडं राहिलेल्या अँड्रॉइड टीव्ही बॉक्समध्ये एक वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम) शिरला आणि त्यांच्याकडून मोनेरो ही आभासी नाणी खणून घेऊ लागला. तिथे 'हो' म्हणायलाही कुणी लागलं नाही. आता होमस्टेवाले पाहुण्यांसाठी स्वस्तातले बॉक्स लावतात, वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला. ते सेटिंग कोण तपासतं?

दापोलीची सून: मला तर बँकेच्या अ‍ॅपनेच सांगितलं. डीबगिंग बंद करा म्हणे, तोवर उघडेना. कोळणीला पैसे द्यायचे राहिले, ती ताटकळत उभी.

मालवणचो: बरां, दुकानदारान बंद करून देवचा, ह्या मान्य. माझ्या फोनात मात्र चालूच रवतला. बँकेचा अ‍ॅप बायलेच्या फोनात आसा.