मदत हवी आहे: आंब्याच्या फांद्यांवर झुडपासारखं वाढलेलं हे लायकेन कोणतं?

आमचं घर जांबोटीच्या पुढं, कणकुंबीच्या वाटेवर. परसात आजोबांनी लावलेला रायवळ आंबा आहे. त्याच्या वरच्या फांद्या दोन वर्षांपासून वाळताहेत आणि नेमके त्याच फांद्यांवर राखाडी-हिरवे झुबके आलेत, बोट-दीड बोट लांब. पावसाळ्यात हाताला मऊ लागायचे, आता चुरचुरीत झालेत.

काका म्हणतात हे बांडगूळ, झाड शोषतंय, खरवडून बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) मारूया. बांडगुळाला चांगली जाड पानं असतात एवढं मलाही कळतं, पण काकांपुढं बोलणार कोण! आईचं तिसरंच: हे दगडफूल, मसाल्याला ठेव. बेळगावच्या बाजारात ‘कल्लु हूव’ म्हणून देतात ते मी शेजारी ठेवून पाहिलं. ते पानासारखं पसरट, वरून राखी, खालून काळं. आमचं चपट्या फितींचं, दोन्हीकडून एकाच रंगाचं, वर बारीक बशीसारख्या चकत्या.

उस्निया नावाचं लायकेन असेल तर ओली काडी हलकेच ताणल्यावर वरची साल तुटून आत पांढरा, रबरासारखा दोरा दिसतो म्हणे. ताणून बघितलं, दोरा नाही. मग रामालिना, म्हणजे चपट्या फितींचं लायकेन, ते का? आणि मुख्य म्हणजे झाड यानंच वाळतंय का? काका रविवारी पंप घेऊन येणार आहेत, तेव्हा जरा लवकर सांगा.

प्रतिसाद: दोरा नाही, फिती चपट्या, म्हणजे रामालिनाच वाटतंय. लायकेन म्हणजे बुरशी आणि शेवाळाचं एकत्र बिऱ्हाड. अन्न शेवाळ उन्हावर तयार करतं, पाणी पावसातून नि धुक्यातून मिळतं. सालीला नुसतं धरून बसलेलं असतं, झाडाचा रस ओढायला त्याला मुळंच नाहीत. काकांनी उलटं धरलंय. फांदी आधी वाळते, पानं गळतात, ऊन आत येतं, मग हे फोफावतं. बोर्डोतल्या मोरचुदानं ते मरेलही, पण फांदी काही हिरवी होणार नाही. त्यापेक्षा खोडाला भोकं आहेत का, खाली भुसा पडलाय का ते बघा. मला खोडकिड्याची शंका येते, कोकणात भिरूड म्हणतात तो. आणि ओळख पक्की झाल्याशिवाय मसाल्यात घालू नका.

धागाकर्ता: भुसा आहे! बुंध्याला दोन भोकं, एकातून चीक गळतोय. काकांना पंपाऐवजी तार आणायला सांगितलंय, किडा ओढून काढायला. आई अजून म्हणतेय, थोडं वाळवून तर बघू.