मळीचा पूर: स्फोट नव्हे, टाकीच कच्ची

अमेरिकेतल्या बोस्टन शहरात मळीची (साखर करताना उरणारा दाट, चिकट पाक) टाकी फुटून पूर आला, त्याचं कारण ‘बॉम्बस्फोट’ असल्याचा एक दावा आहे. तो बचाव टाकीच्या मालक कंपनीचा होता. सुनावणीत टिकला नाही. टाकी ५० फूट उंच, ९० फूट व्यासाची, पत्रे हवे त्यापेक्षा पातळ. चाचणी घेतली ती तळाशी जेमतेम ६ इंच पाणी भरून! सांधे पहिल्यापासून गळायचे. त्यावर इलाज काय, तर ओघळ दिसू नयेत म्हणून तपकिरी रंग.

१५ जानेवारी १९१९ ला ती फुटली. सुमारे ८७ लाख लिटर मळी, २१ बळी. मळी पाण्याच्या जवळपास दीडपट जड, त्यामुळे पहिल्या लाटेचा तडाखाच जबर. मग थंडीने ती घट्ट होत गेली आणि अडकलेल्यांना ओढून काढणं मुश्किल झालं. धुवायला शेवटी बंदरातलं खारं पाणी मारावं लागलं.