'एड' की 'आयएनजी' एवढ्यावर भागत नाही

'इंग्रजी शिकणाऱ्या चिनी विद्यार्थ्यांचा घोळ फक्त एम्बॅरस्ड (ओशाळलेला) की एम्बॅरसिंग (ओशाळवणारा) एवढाच' असं म्हणतात, ते अर्धंच पटलं. चिनीतला 'गान्गा' (ओशाळलेला, ओशाळवाणा) हा शब्द रूप न बदलता माणसालाही चालतो नि प्रसंगालाही. त्यामुळे 'आय अ‍ॅम एम्बॅरसिंग' तोंडातून निघतं, म्हणजे 'माझ्यामुळे इतरांना ओशाळावं लागतं'! पण दुसऱ्याने ओशाळवलं हे सांगताना जास्त अडतं. 'मेड मी फील'नंतर एम्बॅरस्डच हवं. तिथे सरसकट 'ह्युमिलिएट' ठोकू नका, त्यात पाणउतारा आहे. पाहुण्यांसमोर आईने बाळपणीचे फोटो बाहेर काढून दाखवले तर एम्बॅरस, साहेबाने भर मीटिंगमध्ये अक्कल काढली तर ह्युमिलिएट. अवघड प्रश्न अचानक अंगावर टाकला तर 'पुट मी ऑन द स्पॉट'. 'लूज फेस' (अब्रू जाणं) मात्र बिनधास्त वापरू द्या, तो इंग्रजीत चिनीतूनच आलाय; 'सेव्ह फेस' (अब्रू राखणं) इंग्रजीने त्यावरून मागाहून घडवला.