डेकचा जुना रंग सोलवटतोय, काढू कसा? मदत हवी आहे

मंडळी, न्यू जर्सीत राहतो, मागच्या अंगणात प्रेशर ट्रीटेड (दाबाखाली रसायन मुरवलेल्या) पाइनचा डेक, म्हणजे लाकडी फळ्यांचा ओटा आहे, घराबरोबरच १९९० नंतर कधीतरी बांधलेला. आधीच्या मालकाने त्यावर जाडजूड पेंट फासलाय आणि आता जिथे ऊन नि बर्फ दोन्ही बसतं तिथे पापुद्रे निघतायत, रेलिंग मात्र ठणठणीत.

जो तो सांगतो सँडर (घासायचं मशीन) फिरव नि मोकळा हो. पण इकडे २००३ संपेपर्यंत घरगुती लाकडाला आर्सेनिकवालं सीसीए (लाकूड टिकवायचं रसायन) मारायचे, म्हणजे आमचा डेक त्यातलाच असू शकतो, आणि त्याची धूळ उडवायची म्हणजे नको रे बाबा, पोरं तिथेच अनवाणी बागडतात. बरं केमिकल स्ट्रिपर (रंग सोडवणारं रसायन) वापरावा तर कॉस्टिक सोड्याचे स्ट्रिपर आणि नंतरचा ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचा ब्राइटनर (लाकूड उजळवणारा) पण सीसीएवर वापरू नका म्हणतात. मग काढायचा कसा? नुसता ओला करून स्क्रेपरने खरवडून कोणी काढलाय का?

दुसरं, परत पेंट नको, लाकडात मुरणारं तेलाचं सेमी ट्रान्सपरंट (लाकडाच्या रेषा दिसू देणारं) स्टेन लावायचा विचार आहे, म्हणजे पुढे सोलवटणार तरी नाही. पण जुना रंग थोडा राहिला तर ते मुरेल का, की गपगुमान सॉलिड (लाकूड पूर्ण झाकणारं) स्टेनच लावू? रात्री १० डिग्री सेल्सिअसच्या खाली जायच्या आत उरकायचंय.

फळ्याच बदल म्हणणाऱ्यांनी खर्चाचा आकडा पण सांगा 😅