फेरीवरून काढलेले जहाजांचे फोटो ऑनलाइन टाकण्याआधी किती एडिट करावेत?

मांजलपूरकर:
नमस्कार मंडळी, दिवाळीत बडोद्याहून भावनगरला सासुरवाडीला गेलो होतो, रस्त्याने न जाता मुद्दाम हजीरा-घोघा रो-रो फेरी घेतली आणि डेकवर उभं राहून नांगर टाकलेल्या जहाजांचे भरपूर फोटो काढले. ७०-३०० लेन्स होती, रॉमध्ये (कॅमेऱ्याची मूळ फाइल) काढलेत, लॅपटॉपवर लाइटरूम हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर आहे. आता जहाजांच्या ग्रुपवर टाकायचे म्हणतोय पण बघितले तर सगळंच धुरकट आहे, पाणी चहासारखं मातकट, आणि एक मोठं रिकामं जहाज तर सरळ करायला गेलो की मागचं पाणीच तिरपं होतंय. भाचा म्हणतो एआयने आकाश बदल, गंज काढ, पाणी निळं कर, दोन मिनिटांचं काम. मला ते काही पटत नाहीये पण आहेत तसे टाकले तर कोणी बघणार पण नाही. नेमकं काय करावं आणि काय करू नये?

दांडियाबाजार_काका:
मांजलपूरकर भाऊ, पाणी निळं अजिबात करू नका. खंभातच्या आखातात नर्मदा, तापी, मही, साबरमती सगळ्यांचा गाळ येतो, आपली विश्वामित्री पण ढाढरमधून तिथेच जाते, त्यात भरती-ओहोटी इतकी जोरदार की तो गाळ खाली बसतच नाही, म्हणून तिथलं पाणी मातकटच असतं. निळं पाणी दिसलं की तिकडचा माणूस लगेच ओळखणार. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, लावताना जहाजाच्या वरच्या पांढऱ्या केबिनवरून अंदाज घ्या, तेही सावलीतल्या नाही, उन्हातल्या भागावरून, आणि जुना रंग पिवळा पडलेला असेल तर अगदी पांढराशुभ्र करायला जाऊ नका.

तिरपेपणाचं कारण सांगतो. रिकामं जहाज बहुतेक वेळा मागच्या बाजूला जास्त बुडालेलं असतं आणि नाक वर असतं, म्हणजे डेकची रेघ आणि क्षितिज एका रेषेत नसतातच. तुम्ही डेकवरून सरळ केलंत म्हणून पाणी कलंडलं. मागे मोकळा समुद्र असेल तर फक्त क्षितिजावरून सरळ करा, जहाज तिरपं दिसू द्या, ते तसंच होतं. क्षितिज धुक्यात गेलं असेल तर किनाऱ्याच्या रेषेवर भरवसा ठेवू नका, किनारा तिरका आत जात असतो, त्यापेक्षा किनाऱ्यावरची चिमणी किंवा टॉवर उभा दिसतोय का बघा.

धुरकटपणासाठी डीहेझचा स्लायडर थोडाच, आणि मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, फक्त जहाजावर. पूर्ण फोटोवर ओढलं की आकाशात डाग आणि नॉइज उठतो, मास्टच्या (जहाजाच्या उंच खांबाच्या) भोवती पांढरी कड येते, फार वाईट दिसतं. त्याआधी हायलाइट खाली आणा, जहाजाच्या काळ्या अंगासाठी शॅडो थोड्या वर. बस.

कारेलीबागची_मुलगी:
काकांशी सहमत, पण गंजाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय कारण याचा मला खरंच राग येतो. घोघ्याजवळ नांगर टाकलेली बरीच जहाजं अलंगला तोडायला जाणारी असतात, १९८३ पासून तिथे हे काम चालतंय. म्हणजे दादा तुमच्याकडचा फोटो कदाचित त्या जहाजाचा पाण्यावरचा शेवटचा फोटो असेल. गंज, पोपडे, खाली उघडा पडलेला लाल रंग, ड्राफ्टचे म्हणजे जहाज किती बुडालंय ते दाखवणारे आकडे, चिमणीवरचं कंपनीचं चिन्ह, यातलं काहीही पुसू नका, पंचवीस-तीस वर्षं समुद्रात काढलेल्या जहाजाला शेवटी नवीन करून दाखवण्यात काय अर्थ आहे. पुसायचं ते लेन्सवरच्या धुळीचे ठिपके, तेवढंच.

आणि एआय शार्पनिंग तर नकोच. दुपारी पाण्यावर गरम हवा हलत असते, त्यात नावाची अक्षरं थरथरतात, मग ते टूल स्वतःच्या मनाने अक्षरं बनवतं आणि भलतंच नाव तयार होतं. वाचता येत नसेल तर नसू दे.

वाघोडियारोड:
टाकताना लांब बाजू २०४८ पिक्सेल, रंगांसाठी एसआरजीबी सेटिंग, शार्पनिंग फोटो लहान केल्यानंतर. व्हॉट्सअॅपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर सगळी बारीक अक्षरं जातात. क्रॉपमध्ये जहाजाच्या पुढे जागा मागच्यापेक्षा जास्त ठेव.

मांजलपूरकर:
खूप आभार सगळ्यांचे, क्षितिजावरून केलं आणि खरंच नीट दिसतंय! अजून एक विचारायचं होतं, त्याच जहाजाच्या नाकाजवळ झूम केलं तर आताच्या नावाखाली आणखी काही अक्षरं उमटल्यासारखी पुसट दिसतायत. ते काय आहे, आणि ग्रुपवर नाव कोणतं लिहू?

कारेलीबागची_मुलगी:
दादा हेच तर खरं सोनं आहे! जहाजाचं नाव नुसतं रंगवत नाहीत, पुष्कळदा वेल्डिंगने अक्षरांची कड उठवतात आणि त्यावर रंग मारतात. जहाज विकलं की वर नवीन रंग येतो पण ती कड राहते, आडवं ऊन पडलं की दिसते. शेवटच्या प्रवासाआधी तर नाव आणि झेंडा दोन्ही बदलणं अगदी नेहमीचं. फ्रान्सचं ते मोठं प्रवासी जहाज बघा, १९६२ मध्ये फ्रान्स नावाने सुरू झालं, मग नॉर्वे झालं, आणि २००६ मध्ये अलंगला आलं तेव्हा नाव ब्लू लेडी होतं.

त्या भागावर मास्क लावून टेक्स्चर आणि क्लॅरिटी थोडी वाढवा, शॅडो उचलू नका कारण ती बारीक सावलीच अक्षर दाखवते. मग आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, शोधा, सात आकडी असतो, मागच्या बाजूला किंवा केबिनच्या भिंतीवर, नाव कितीही बदललं तरी तो बदलत नाही. फोटोखाली आताचं नाव, दिसत असेल तर जुनं नाव, आयएमओ, तारीख आणि "घोघ्याजवळ, फेरीवरून" एवढं लिहा.

दांडियाबाजार_काका:
आणि रॉ फाइल डिलीट करू नका हो. त्या नाकाचा वेगळा क्रॉप इथेही टाका, जुनं नाव ओळखायचा प्रयत्न आपण सगळे मिळून करू.